लीलाधर झोपेची नऊ गाणी

जावयाच्या पैशानं, पुण्याच्या स्टुडिओत,
एसी सोळावर ठेवून
लीलाधरनं शेवटी स्वतःचा अल्बम काढला.
त्रेसष्टाव्या वर्षी. एकट्यानं.
मुखपृष्ठावर समुद्र आहे.
भुसावळात समुद्र कुठला, भो?

मी ऐकला पोराच्या गाडीत,
तापीच्या पुलाअलीकडे, काचा वर करून.
घरी कुकर असतो, सून असते,
आणि वाईट निघालं तर
तोंड लपवायला जागा नसते.

वाईट निघालं नाही.
वाईट निघालं असतं तर बरं होतं.

पहिलं गाणं सुरात. दुसरंही सुरात.
तिसऱ्यात व्हायोलिनं आली, कुणी बोलावली कोण जाणे,
लग्नात नवरदेवाच्या मामाचे मित्र येतात तशी,
जेवून गेली.
ड्रम यंत्राचे. एक ठोका चुकत नाही.
मी चुकायचो. चौथ्या ठोक्याला हमखास ओढ लागायची,
आणि लीलू मान न वळवता वाट बघायचा.
त्या वाट बघण्यातच अर्धं गाणं असायचं.

रेल्वे इन्स्टिट्यूटची लाकडी जमीन, शहाऐंशीचा मे,
पारा सत्तेचाळीस.
डेन्झिल ड्युटीवरून थेट माइकपाशी, बुटांना ग्रीस.
बँडचं नाव ‘आउटर’,
कारण आमच्यातल्या तिघांचे बाप इंजिनं चालवायचे
आणि रोज जेवायला उशीर व्हायचा.
अँप्लिफायर शेडमधल्या फोरमननं जोडून दिलेला,
हात लावला की झटका.
दीपनगर बसलं की व्होल्टेज पडायचं,
गिटार आधी घोगरी व्हायची, मग रडकी,
आणि लीलू खालचा ओठ दातात धरून
त्या मरत्या करंटमधून असं काही ओढून काढायचा
की गार्डांच्या बायकांच्या हातातले
पुठ्ठ्याचे पंखे थांबायचे.
उकडत असूनही.

ते त्याच्या बोटांतून गेलेलं नाही.
गेल्या पौषात मळ्यात भरीत होतं,
पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी फुटत होती,
नातवाची गिटार, तीनच तारा,
आणि यानं सहज म्हणून छेडली.
कळण्याची भाकरी हातात तशीच राहिली सगळ्यांच्या.

नऊ गाण्यांत ते एकदाच येतं.
सहावं गाणं, दोन मिनिटं चाळीस.
तार घसरते, नख लागतं,
श्वास ऐकू येतो, तंबाखू सोडलेल्या माणसाचा,
अकरा सेकंद.
मग कुणीतरी सभ्य माणूस
आवाज हळूहळू उतरवत नेतो.

बाकीचं भरीत गॅसवर भाजलंय.
वांगी बामणोदचीच. मिरची तीच. हात तोच.
धूर नाही.

की हे मी म्हणतोय,
ज्याला त्यानं पुण्याला बोलावलं नाही?
पुलावरून मालगाडी गेली. अठ्ठावन्न डबे मोजले.
उत्तर काही सापडलं नाही.
सहावं पुन्हा लावलं.

रात्री त्याचा फोन.
“ऐकलं का रे, गोटू?”
मी म्हणालो, आवाज लई स्वच्छ आहे.
तो गप्प.
त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता, किरकिरणारा.
मग म्हणाला, “सहावं?”
“सहावं.”
“तेवढं काढून टाकू म्हणत होता तिथला पोरगा.
चूक झाली काका, म्हणे.”
“मग?”
“मग काय. मी संडासला जातो म्हणून उठलो,
आलो तोवर त्याची जेवायची वेळ झालेली. राहून गेलं.”

हसलो दोघं, पण थोडंच.
मग केळीच्या भावावर बोललो,
त्याच्या गुडघ्यावर,
डेन्झिलच्या मुलीचं पत्र पर्थहून येतं की नाही, त्यावर.

फोन ठेवला. स्वयंपाकघरात अंधार.
स्टीलच्या रिकाम्या पिंपावर
दोन बोटांनी सहाव्याचा ठेका धरला.
चौथ्याला ओढ लागली.
थांबलो. पलीकडून कुणी उचलेल म्हणून
थोडा जास्तच थांबलो.

आतून सून म्हणाली,
“बाबा, नळ आला का?”